सत्तर टक्के पाशामियाँ

चन्नबसप्पांनी उभी नोकरी एसटीचं चाक धरून काढली. सोलापूरची गाडी घेऊन निघाले आणि तामलवाडीजवळ उसानं भरलेली ट्रॉली वाकडीतिकडी होत अंगावर आली, तरी त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब दिसायचा नाही. पण कुणापुढं तोंड उघडून पैसे मागायचे म्हटलं की त्यांच्या घशाला कोरड पडायची. नोकरीत ते काम कंडक्टर करायचा, म्हणून निभावलं. निवृत्त होऊन घरी बसल्यावर मात्र कंडक्टर राहिला नाही, आणि खालच्या मजल्यावर भाडेकरू होता.

भाडेकरू म्हणजे पाशामियाँ. ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा, लग्नसराईत गाल फुगलेला आणि इतर वेळी शांत असलेला माणूस. बायको खातूनबी, मुलगी युसरा. युसराचा जन्मही त्याच खोल्यांतला. चन्नबसप्पांना सगळे आप्पा म्हणायचे, आणि धाराशिवातल्या त्या गल्लीत आप्पांचं घर म्हटलं की वर आप्पा आणि खाली मियाँ, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. दर पहिल्या तारखेला पाशामियाँ वर यायचे, भाडं आप्पांच्या हातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "मोजून घ्या आप्पा." आप्पा न मोजता खिशात घालायचे. ते भाडं पहिल्या दिवशी ठरलं तेवढंच होतं. वाढवायचं कधी कुणी बोललं नाही. दोघं रोज सकाळी पायरीवर बसून चहा प्यायचे, मग त्यात पैशाचं कसं काढणार?

सगळं बिघडवलं जावयानं. अमरनाथ पुण्यात लोकांना भाड्यानं घरं मिळवून द्यायचा धंदा करायचा. सासुरवाडीला जेवायला बसला, बोलता बोलता भाड्याचा आकडा त्याच्या कानावर पडला, आणि धपाट्याचा घास घशात अडकला.

"मामा, एवढ्या पैशात पुण्यात स्कूटरसुद्धा उभी करू देत नाहीत!"

"पुण्याचं पुण्यात," सासूबाई नागूबाई मध्येच म्हणाल्या. "जाऊ द्या की, सोन्यासारखी माणसं हाईत." आणि त्यांनी जावयाच्या ताटात आणखी दोन धपाटी टाकून त्याचं तोंड बंद केलं.

चन्नबसप्पा बायकोकडं बघतच राहिले. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी भाजीवाल्याला गल्लीच्या टोकापर्यंत मागं बोलावणारी ही बाई आज इतकी उदार कशी झाली, हे त्यांना कळेना. पण जावयाचं बोलणं मनात रुतून बसलं. भाडं वाढवायचं, हे त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी लांबून सुरुवात केली. "मियाँ, सगळं लई महाग झालं बघा."

"व्हय आप्पा. परवा मोरीचा नळ गळायला लागला, तर नव्या नळाची किंमत ऐकून मी गळणाराच बरा म्हणलो."

"असं कसं? गळका नळ कशाला? म्या बसवून देतो की," आप्पांच्या तोंडून निघून गेलं. भाडं वाढवायला खाली गेलेले आप्पा पदरचा नळ द्यायचं कबूल करून वर आले.

जावयानं फोनवर डोक्याला हात लावला. "मामा, गप्पा मारू नका. एकच वाक्य पाठ करा. 'पुढच्या महिन्यापासून भाडं दुप्पट.' म्हणायचं आणि वर यायचं."

आप्पांनी वाक्य पाठ केलं. आंघोळ करताना म्हणून बघितलं, देवापुढं उदबत्ती ओवाळताना म्हणून बघितलं. मग खाली जाऊन दार वाजवलं, आत पावलं वाजली तसे डोळे घट्ट मिटले आणि एका दमात बोलून टाकलं. डोळे उघडले तर समोर पाशामियाँ नव्हतेच. युसरा उभी होती.

युसरा यंदाच लॉ कॉलेजात गेलेली. पहिलंच वर्ष. प्रवेश झाल्यापासून आपल्याला एखादा खटला कधी मिळतो, याची ती वाट बघत होती. शेजारच्यांची कोंबडी गटारात पडली तरी नगरपालिकेवर दावा लावू म्हणायची. आप्पांचं वाक्य ऐकून तिचा चेहरा असा उजळला की आप्पांना वाटलं, हिला चुकून लग्नाचं निमंत्रणच दिलं की काय.

"आप्पा, परत एकदा बोला," ती म्हणाली. "शब्दाला शब्द."

"काय न्हाय गं. तुझ्या अब्बाला सांग, आप्पा येऊन गेले म्हणून."

पण ती ऐकते कुठली! आत जाऊन जाडजूड पुस्तक घेऊन आली. मागोमाग पाशामियाँ आले, त्यांच्या मागं पदराला हात पुसत खातूनबी. युसरानं पायरीवर उभं राहून सांगायला सुरुवात केली. भाडेकरूचं भाडं मालकाला मनाला येईल तसं वाढवता येत नाही. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा आहे. त्यात वर्षाला चार टक्के वाढ सांगितली आहे. चार. दुप्पट नव्हे.

पाशामियाँ लाजून अर्धे झाले. "युसरा, आप्पाशी असं बोलतेत का?"

"मी आप्पांशी बोलतच न्हाय, अब्बा. मी घरमालकाशी बोलतेय. आप्पांशी नंतर बोलीन."

चन्नबसप्पांनी मनातल्या मनात चार टक्के काढून बघितले. त्यात चहाला दूधसुद्धा नीट येईना. इतकी मान खाली घालून आलो, ती एवढ्यासाठी? त्यांनी विचारलं, "आन घर सुधारलं तर?"

युसरा खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. "घरात सुधारणा केली तर खर्चाच्या मानानं भाडं आणखी थोडं वाढवता येतं, पण त्याला—"

'पण'च्या पुढचं ऐकायला आप्पा तिथं होतेच कुठं? ते जिना चढून फोनला लागले होते.

"सुधारणा करा!" अमरनाथ पलीकडून ओरडला. "पटापट करा!"

नागूबाईंनी पुन्हा एकदा म्हणून बघितलं, "अय्यो, कशाला पाण्यात पैसा? हाय ते बरं हाय की." आप्पांनी ऐकलं नाही. पहिली सुधारणा म्हणून त्यांनी खालच्या दाराला बटण दाबलं की पाखरासारखी बोलणारी घंटी घेतली. दुकानदार गडबडीत होता, त्यानं लिफ्टला लावायची घंटी बांधून दिली. बटण दाबलं की आतून एक बाई हिंदीत, फार गोड आवाजात म्हणायची, "कृपया दरवाज़ा बंद कीजिए." पोस्टमन दोनदा आला, दोनदा बटण दाबलं आणि दोनदा माफी मागून परत गेला. खातूनबीची मावशी तर दारातून रुसूनच गेली.

दुसरी सुधारणा मोठी होती. तामलवाडीचा बिरदेव गवंडी आसपासच्या गावांत बंगल्यांच्या खांबांवर सिमेंटचे सिंह बसवायचा. आप्पांनी त्याला बोलावलं. खालच्या दाराशेजारी भिंतीवर सिंहाचं तोंड करायचं, त्या तोंडात नळ बसवायचा, म्हणजे भाडेकरूला सिंहमुखी पाणी! पुण्यातसुद्धा असं कुणाकडं नसेल.

"करतो की," बिरदेव म्हणाला. "पर आप्पा, तुमी जरा म्होरं उभं ऱ्हावा. डोळ्याम्होरं काय तरी जित्तं असल्याबिगर माजा हात चालत न्हाय."

आप्पा उभे राहिले. बिरदेवनं सांगितलं तसं त्यांनी तोंडही उघडं ठेवलं. काम दोन दिवस चाललं. झाकलेलं पोतं बाजूला केलं तेव्हा गल्लीतली बरीच माणसं जमली होती. पोतं पडलं, तशी सगळी माणसं एक पाऊल पुढं सरकली. मग समोरच्या दुकानदाराच्या तोंडून निघालं, "आरं, हे तर आप्पा!"

खरंच आप्पा होते. तेच टक्कल, तीच खाली वळलेली मिशी, मोटार चालवताना समोर कुत्रं आल्यावर व्हायचे तसे डोळे. फक्त कानांच्या मागनं आयाळ फुटलेली आणि तोंडातनं नळ निघालेला. नळ सोडला तसं पाणी आलं, आणि आप्पा तंबाखूची गुळणी टाकतायत असंच वाटायला लागलं. बायका घागरी घेऊन धावल्या. "चला गं, आप्पाच्या तोंडाचं पाणी भरू!"

नागूबाईंनी वरच्या गॅलरीतून वाकून बघितलं. "दात तेवढे बरे काढलेत," त्या म्हणाल्या. "तुमचे एवढे न्हाईत."

पाशामियाँनी ओठ दाबून धरले होते. ज्या ओठांनी वरातीभर क्लॅरिनेट पेललं, त्या ओठांना हे काही पेललं नाही. ते हसले, आणि हसता हसता पायरीवर बसले.

चन्नबसप्पांना ते लागलं. पण कामाचं काम, म्हणून ते तसेच पुढं झाले. "सुधारणा झाली. आता भाडं."

"आप्पा, त्या दिवशी तुम्ही अर्धंच ऐकून गेलात," युसरा म्हणाली. "अशी सुधारणा करायच्या आधी भाडेकरूंची लेखी संमती लागते. शंभरातल्या सत्तर जणांची."

"शंभर कुठनं आणू? भाडेकरू एकच हाय."

"सत्तर टक्के, आप्पा."

"मग ह्याचे सत्तर टक्के घे की!" आप्पांनी पाशामियाँकडं बोट केलं. "काय मियाँ? सत्तर टक्के तरी हायसा का न्हाय राजी?"

पाशामियाँ ह्याचा मनापासून विचार करायला लागले. मित्राचं मन मोडायचं नव्हतं आणि खोटंही बोलायचं नव्हतं. "आप्पा, दिल तर राजी हाय," ते म्हणाले. "दिलाचे किती धरता?"

"वीस धरा."

"हात राजी हाईत. सिंव्हाखाली हात धुवायला बरं पडतंय. पाय बी राजी हाईत, त्यांचं काय न्हाय. पर कान नक्को म्हणतेत, त्या घंटीमुळं. आन पोट... आता पोटाला हसून हसून कळ लागली आप्पा, पोट राजी न्हाय."

"डोकं?" आप्पांनी आशेनं विचारलं.

"डोकं धरू नगा," खातूनबी आतून म्हणाली. "ते तसं बी रिकामंच हाय."

आप्पांनी बोटांवर बेरीज केली. बरीच ओढाताण करून, दाढीमिशीसुद्धा धरून, गाडी साठाच्या आसपास येऊन थांबली.

"अब्बा!" युसरा किंचाळली. "संमती अशी वाटणी करून देत न्हाईत! आणि ती आधी लागते, काम झाल्यावर न्हाय!"

समोरच्या दुकानात हसण्याचा गदारोळ उठला. चन्नबसप्पा तडक वर गेले. सकाळचा चहा दुसऱ्या दिवशी त्यांनी एकट्यानं, उभ्यानं, स्वयंपाकघरात घेतला. तो गोडच लागेना. त्यांना वाटलं, हा सगळा अपमान मियाँनीच घडवून आणलाय. रागाच्या भरात ते गच्चीवर गेले आणि टाकीतून येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करून आले. बसा म्हणावं कोरडे! मग बऱ्याच दिवसांनी काहीतरी मर्दानी काम केल्यासारखं वाटलं, आणि ते शीळ घालत आंघोळीला गेले.

सगळ्या अंगाला साबण लावून झाला, तोंडाला फेस आला, आणि वरच्या मजल्याचा नळही सूं करून बंद पडला. टाकी एकच होती. नळी एकच होती. ती त्यांनीच टाकून घेतली होती.

"अगं ए! पाणी!" आप्पा ओरडले.

"पाणी कुठलं? गेलंय!" नागूबाई बाहेरून म्हणाल्या. "कुणी मेल्यानं कॉक फिरवला काय की!"

कुणी मेल्यानं फिरवला, हे सांगायची सोय नव्हती. गच्चीवर जायचं तर डोळे उघडेनात, साबण आत गेलेला. आप्पांनी टॉवेल गुंडाळला आणि भिंत चाचपत निघाले. वर जायच्या ऐवजी जिना खाली गेला. हात भिंतीवरून सरकत सरकत घंटीच्या बटणावर पडला.

"कृपया दरवाज़ा बंद कीजिए," बाई म्हणाली.

दार उघडलं. पुढ्यात फेसानं माखलेले आप्पा बघून युसरानं आधी ओढणी तोंडाला लावली, मग पुस्तक शोधलं. "आप्पा, भाडेकरूचं पाणी तोडता येत न्हाय. वीज पण न्हाय. कायद्यात साफ लिहिलंय."

"आगं लिहिलं असंल! माजे डोळे जळायलेत!"

पाशामियाँ तसेच गच्चीवर गेले आणि कॉक सोडून आले. आप्पांना दंडाला धरून त्यांनी सिंहापुढं उभं केलं आणि नळ फिरवला. गल्लीतल्या लोकांनी ते दृश्य बघितलं. एका आप्पांच्या तोंडातून पाणी पडत होतं आणि दुसरे आप्पा त्याच्याखाली तोंड धूत होते. दोघांचे डोळे सारखेच वटारलेले.

तेवढ्यावर भागलं असतं. पण कोरडे होताच आप्पांच्या तोंडून निघालं, "घर माजं हाय, कळलं का? माज्या अटी!"

"कुठल्या अटी?" युसरानं लगेच धरलं. "करार दाखवा."

"करार कसला? तोंडी ठरलेलं."

"मग आप्पा, आता अब्बा सांगतील त्या अटी," ती म्हणाली. करार लेखी करून त्याची नोंदणी करायची जबाबदारी मालकाची असते, हे तिनं समजावून सांगितलं. ती केली नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. "अब्बा रविवारी सगळ्या अटी सांगतील. तुमच्या वकिलाला बोलवा."

आप्पांचा वकील म्हणजे अमरनाथ. त्यानं पुण्यातल्या एका खऱ्या वकिलाला विचारलं, आणि पडलेल्या आवाजात परत फोन केला. "मामा, पोरगी बरोबर बोलतेय."

रविवारपर्यंत चन्नबसप्पा दिवसातून दहादा गॅलरीतून खाली डोकावून बघत होते. मियाँ काय सांगतील? सांगितलं तर काहीही सांगतील! गल्लीतल्या लोकांना तर नवीन उद्योगच मिळाला. जो तो पाशामियाँना अट सुचवायचा. मालकानं रोज भाडेकरूच्या दारात सडा घालायचा, असं सांगा. मालकानं वरातीत फुकट नाचायचं, असं सांगा. पाशामियाँ सगळ्यांना "बघतो, बघतो" म्हणायचे, आणि ते 'बघतो' वर आप्पांच्या कानापर्यंत यायचं. नागूबाईसुद्धा अस्वस्थ दिसत होत्या. दिवसातून चारदा खाली जायच्या, खातूनबीशी काहीतरी कुजबुजायच्या आणि आप्पा दिसले की मोठ्यानं लसणाच्या भावाबद्दल बोलायला लागायच्या. बिचारी माझ्या काळजीनं झुरतेय, असं आप्पांना वाटलं.

रविवारी अमरनाथ सकाळच्याच गाडीनं येऊन धडकला. पायरीपुढं सतरंजी अंथरली. पाशामियाँ प्रसंग ओळखून बँडचा लाल कोट घालून आले, सोनेरी झालरीचा. त्यांनी बटणं लावली, खाकरले, आणि आप्पांकडं बघून म्हणाले, "आप्पा, लोकांनी लई काय काय सांगितलं. पर मी जे ठरलं तेच बोलणार. झूट बोलून मला ह्या घरात झोप लागायची न्हाय."

आप्पांचा जीव थोडा भांड्यात पडला.

"मी खोल्या बघायला आलो तवा आप्पा ड्युटीवर होते," पाशामियाँ पुढं बोलू लागले. "बोलणं नागूआक्काशी झालं. आक्का म्हणल्या, भाडं पैल्या तारखेला आप्पाच्या हातात द्यायचं. आन दर पाडव्याला थोडं वाढवायचं. ती वाढ मात्र आक्काच्या हातात द्यायची. आप्पाला सांगायचं न्हाय, पैशाचं बोललं की त्यांच्या घशाला कोरड पडती. मी म्हणलो, घरची रीत असंल. इतक्या वरसांत एक पाडवा चुकवला न्हाय."



"वाढ?" चन्नबसप्पांनी विचारलं. आवाज फुटेना, कारण घशाला कोरड पडली होती. "भाडं वाढत होतं?"

"दरसाल, आप्पा. खातून नेऊन द्यायची."

सगळ्या माना नागूबाईंकडं वळल्या. नागूबाई सतरंजीवरचा नसलेला कचरा झटकू लागल्या. "म्या काय खाल्ले का? भिशीत घातले."

युसराला राहवेना. आता तिच्यासमोर चांगला साक्षीदार आला होता. "काकू, भिशी लागल्यावर पैसे कुठं गेले?"

"युसरा, जा चाय टाक," खातूनबी घाईनं म्हणाली.

"अम्मी, थांब. काकू, उत्तर द्या."

"गोव्याला," नागूबाई म्हणाल्या.

"पैसे गोव्याला गेले?"

"आमी गेलो. म्या आन तुजी अम्मी." एकदा सुरुवात झाल्यावर नागूबाई थांबेनात. "एकदा गोव्याला, एकदा म्हैसूरला, एकदा महाबळेश्वरला. मग गोवाच आवडला म्हणून दरसाल गोव्यालाच."

"कधी?" आप्पांनी आणि पाशामियाँनी एकदमच विचारलं.

"जळकोटच्या बहिणीकडं जायचो न्हाय का आमी दरसाल... तवा."

चन्नबसप्पा उठून उभे राहिले, परत बसले. दर वर्षी नागूबाई जळकोटहून आल्या की पिशवीभर काजू आणायच्या. आप्पा ते आवडीनं खायचे, आणि मेहुणीचं कौतुक करायचे. "काजू!" ते ओरडले. "जळकोटचे काजू!"

"मामा," अमरनाथ हळूच म्हणाला, "तुम्ही हजार वेळा जळकोटवरून गाडी नेलीत. काजूचं झाड दिसलं होतं का एखादं?"

"आमच्या घरी तर शिंपले आले होते," पाशामियाँ हरवल्यासारखे म्हणाले. "टोपलीभर. खातून म्हणली, जळकोटच्या तळ्यातले."

"तुमी मग त्या तळ्याला सलाम करून आलात," खातूनबी म्हणाली. "मला वाटलं, एवढं खूश हाईत तर कशाला मोडा?"

लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून खातूनबीनं मोबाइलमधला फोटो दाखवला. होडीच्या टोकावर दोघी बसलेल्या. एकीच्या अंगावर इरकल, दुसरीच्या अंगावर बुरखा, दोघींच्या डोळ्यांवर काळे गॉगल, आणि दोघींच्या हातात शहाळी. नागूबाई इतक्या मोकळ्या हसत होत्या की आप्पांनी फोटो जवळ नेऊन बघितला. आपल्या बायकोला असं हसता येतं, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

युसरा तेवढ्यात हिशोबाला बसली होती. "थांबा! ही वाढ चार टक्क्यांच्या वर जातेय. म्हणजे जास्तीचे पैसे आप्पांनी आपल्याला—"

"गप बस," तिची आई म्हणाली. "त्या पैशावर मी बी फिरलेय."

अमरनाथनं वाढीसकट भाड्याचा अंदाज घेतला, आणि त्याचा चेहरा उतरला. धाराशिवच्या मानानं भाडं चांगलं भरभक्कम होतं. एजंट म्हणून त्याला त्यात करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तो मुकाट्यानं चहा प्यायला लागला.

चन्नबसप्पांनी रागवायचा प्रयत्न केला. रागाला सुरुवात कुठनं करावी, हेच सापडेना. त्यांनी पाशामियाँकडं बघितलं. लाल कोटातला तो माणूस अजून शिंपल्यांचाच विचार करत होता. दोघांची नजर मिळाली, आणि आधी कोण हसलं हे कुणालाच सांगता आलं नसतं. हसता हसता आप्पांच्या लक्षात आलं, आपल्याला आता कुणाकडं पैसे मागायचे नाहीत. मागायला लागणारही नाहीत. सगळं आपल्या पाठीमागं केव्हाच होऊन गेलंय. छातीवरचा धोंडा उतरावा तसं त्यांना वाटलं.

"मियाँ, पाणी तोडलं ते चुकलं माजं," ते म्हणाले.

"तुमालाच लागलं ते, आप्पा. माजी आंघोळ आधीच झाली होती."

युसरा मात्र लेखी करारावर अडून बसली, आणि या वेळी कुणी नाही म्हटलं नाही. तिनं मजकूर लिहायला घेतला. भाडं किती, वाढ किती, दुरुस्ती कुणी करायची, खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं, सगळं नीट विचारून घेतलं. घंटी काढून टाकायची, हे पाशामियाँच्या कानांनी मागून घेतलं. सिंह राहू द्यायचा ठरला, कारण गल्लीतल्या बायका ऐकेनात. शेवटी युसरानं विचारलं, "मालकाचं पूर्ण नाव?"

आप्पा छाती काढून सांगणार, तोच नागूबाई म्हणाल्या, "माजं लिही."

"तुजं?"

"प्लॉट माज्या बापानं मला दिला न्हाय का लग्नात? घर माज्याच नावावर हाय की. विसरलासा व्हय?"

आप्पा खरंच विसरले होते. वर्षानुवर्षं पहिल्या तारखेला भाडं खिशात घालताना त्यांना त्याची आठवण येण्याचं कारणच पडलं नव्हतं. "म्हंजे म्या कोण?" त्यांनी युसराला विचारलं.

तिनं विचार केला. "तुम्ही साक्षीदार होऊ शकता, आप्पा."

नोंदणीच्या दिवशी सगळे दोन रिक्षा करून कचेरीत गेले. नागूबाई इरकल नेसून कॅमेऱ्यापुढं बसल्या, अंगठा दिला, सही केली. पाशामियाँनी कॅमेऱ्यापुढं सवयीनं गाल फुगवले, ते कारकुनानं खाली करायला लावले. आप्पांनी साक्षीदार म्हणून इतकी लांबलचक सही केली की ती बाजूच्या रकान्यात गेली. बाहेर आल्यावर नागूबाईंनी सगळ्यांना गुलाबजामून दिले, मालकीणबाईंच्या थाटात, आप्पांना एक जास्त.

"यंदा कुठं जायचं ठरलंय?" आप्पांनी पाक चाटत, उगाच बाहेर बघत विचारलं.

"केरळला," खातूनबी म्हणाली.

"तिथं म्हणं होडीतच घरं असतेत," पाशामियाँ म्हणाले. "होडीतच झोपायचं."

दोघा नवऱ्यांनी बायकांकडं बघितलं. बायकांनी एकमेकींकडं बघितलं.

"बघू," नागूबाई म्हणाल्या. "तिकिटं आपापली काढायची असली तर या." आणि दोघी पुढच्या रिक्षात जाऊन बसल्या. युसरा मध्ये शिरली. रिक्षा निघून गेली.

मागच्या रिक्षात चन्नबसप्पा आणि पाशामियाँ राहिले. 

"मियाँ, होडी लागती का तुमाला?"

"मालूम नै, आप्पा. कधी बसलोच न्हाय."

"म्या बी न्हाय," चन्नबसप्पा म्हणाले, आणि ड्रायव्हरला सांगितलं, "सावकाश घे रं. घाई न्हाय."